कुंपणाबाहेरचे सागरेश्वर



डोंगर एकदा बोडका झाला की त्यावर पुन्हा काही उगवायचं नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही, याचा दाखला विट्यापासून फार लांब नाही. देवराष्ट्रे आज कडेगाव तालुक्यात असले, तरी पूर्वी ते आपल्याच खानापूर तालुक्यात होते. तेथील सागरेश्वराचा डोंगर स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने पुन्हा हिरवा झाला. सांबर, चितळ, काळवीट तेथे आणून सोडले. 1985 साली 10.87 चौरस किलोमीटर क्षेत्रास अभयारण्याचा दर्जा मिळाला.

हे घडते कसे? पहिले काम कुऱ्हाड आणि चराई थांबवण्याचे. चराई थांबली की आधी गवत येते. गवताची मुळे माती धरतात, पळणारे पाणी मुरू लागते. ओल टिकली की जुन्या खोडांना धुमारे फुटतात, लावलेली रोपे जगतात. मग पाखरे बोर-निंबाचे बी लांबवर टाकतात. माणसाने सुरुवात करून द्यायची, पुढचे काम रान स्वतः करते.

पण सागरेश्वर हे शेतीच्या मधोमध बेटासारखे आहे. उन्हाळ्यात आत चारापाणी कमी पडले की हरणे कुंपणाबाहेर येतात आणि कोवळा ऊस खातात. शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे. तरीही फासे लावणे किंवा तारेत वीज सोडणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्या तारेत आपलीच माणसेही दगावतात. नुकसान होताच वनखात्याकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा. भरपाईची तरतूद आहे.

तेवढ्याने मात्र भागत नाही. जंगल एकाच तुकड्यात कोंडले की त्याचा सगळा भार लगतच्या चार गावांवर पडतो. आसपासची गायराने, डोंगर, ओढे जिवंत झाले तर तो वाटला जाईल. भार वाटून घेणे सहकारात आपल्याला नवे नाही. म्हणून प्रत्येकाने एवढे करावे :

1. डोंगरउताराला वणवा लावू नये. त्यात रोपे मरतात आणि उघडी माती पहिल्याच पावसात वाहून जाते.
2. ओढ्याच्या काठाची पट्टी नांगरू नये. तेथली करंज, बाभूळ राहू द्यावी.
3. बांधावरचे हिवर, बोर, निंब राखावेत. सावलीने एखादी सरी मार खाते खरी, पण त्यावर बसणारी पाखरे किडीही टिपतात.
4. पाचट जाळू नये, सरीत पसरावे.
5. गायरानाचा एक भाग ग्रामसभेच्या ठरावाने 3 पावसाळे चराईस बंद ठेवावा. गवत कापून न्यायला मुभा असावी, म्हणजे जनावरे उपाशी राहणार नाहीत.

पाचवी गोष्ट एकट्याने होणारी नाही. येत्या ग्रामसभेत आपल्यापैकी कोणीतरी ती मांडलीच पाहिजे.