अनोळखी डिस्क-नियंत्रक आणि लिनक्सची स्थापना

एखाद्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवावयास घेतली असता कधी कधी एक चमत्कारिक अनुभव येतो. पडदा उजळतो, कळफलक चालतो, भाषा व प्रमाणवेळ यांविषयीचे प्रश्न विचारून होतात. परंतु लिनक्स कोणत्या डिस्कवर बसवावयाचे हे ठरविण्याची वेळ येताच समोरची यादी रिकामी असते. संगणकात डिस्क आहे, तीवर कालपर्यंत दुसरी कार्यप्रणाली सुरळीत चालत होती. तरीही स्थापना-कार्यक्रमाच्या लेखी ती अस्तित्वातच नसते. याहून घातक प्रकार म्हणजे यादीत एकच डिस्क दिसावी आणि ती नेमकी जुन्या माहितीच्या राखीव प्रती ठेवलेली, बाहेरून जोडलेली डिस्क असावी. घाईने तिचीच निवड केल्यास वर्षानुवर्षांची माहिती काही क्षणांत पुसली जाते.

अशा वेळी डिस्क बिघडली असे मानून ती बदलली जाते, अथवा सारा संगणकच निकामी ठरवून भंगारात काढला जातो. वस्तुतः बहुतेक प्रसंगी दोष डिस्कचा नसतो. डिस्क आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये असलेल्या नियंत्रकाची भाषा त्या घटकेला कोणास येत नसते, एवढाच त्याचा अर्थ होय.

नियंत्रक आणि ड्रायव्हर

संगणकाचा प्रक्रियक डिस्कशी थेट व्यवहार करीत नाही. 'अमुक जागेवरील माहिती आणून द्यावी' ही त्याची मागणी प्रथम नियंत्रकाकडे, म्हणजे डिस्क कंट्रोलरकडे जाते. हा नियंत्रक मुख्य मंडलावरील एखादी चिप असतो किंवा स्वतंत्र कार्डाच्या रूपात बसविलेला असतो. त्याला आज्ञा कशा द्यावयाच्या याचे ज्ञान ज्या छोट्या कार्यक्रमात साठविलेले असते, त्यास ड्रायव्हर म्हणतात.

कोणत्या नियंत्रकास कोणता ड्रायव्हर लावावयाचा हे ओळखण्याची रीत साधी आहे. पीसीआय मार्गावरील प्रत्येक उपकरणास दोन क्रमांक असतात: एक उत्पादकाचा, दुसरा उपकरणाचा. उदाहरणार्थ, इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६ हा आहे. प्रत्येक ड्रायव्हरजवळ आपण हाताळू शकतो अशा क्रमांकांची यादी असते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, उपकरणांचे क्रमांक वाचून या याद्यांशी ताडून पाहतो. क्रमांक जुळला की ड्रायव्हर कामास लागतो. न जुळल्यास उपकरण तसेच पडून राहते, आणि त्याच्या पलीकडील डिस्क अदृश्य राहतात.

पेटीत राहिलेली किल्ली

हा प्रश्न लिनक्सच्या जन्माइतकाच जुना आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली, तेव्हा तिला केवळ एटी जातीच्या डिस्क चालतील आणि इतर बहुधा कधीच चालणार नाहीत, असे त्याने स्पष्ट केले होते. कारण त्याच्याजवळ तेवढ्याच होत्या. हे भाकीत फार काळ टिकले नाही. १९९२ मध्येच स्कझी जातीच्या डिस्कसाठी ड्रायव्हर तयार होऊ लागले.

तथापि ड्रायव्हरांची संख्या वाढताच नवी अडचण उभी राहिली. सर्व ड्रायव्हर घातलेला कर्नल १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत मावेना. शिवाय त्या काळच्या कार्डांचा शोध अंदाजाने घ्यावा लागे आणि चुकीच्या ठिकाणी चाचपणी झाली तर संगणक गोठून जाई. म्हणून १९९३ मध्ये निघालेल्या स्लॅकवेअर या वितरणाबरोबर निरनिराळ्या नियंत्रकांसाठी निरनिराळ्या प्रारंभ-फ्लॉपी दिल्या जात. आपल्या कार्डास जुळणारी फ्लॉपी निवडणे हे वापरणाऱ्याचे काम असे.

पुढे ड्रायव्हर कर्नलपासून वेगळे करून मॉड्यूलच्या रूपात ठेवण्याची सोय झाली. पण मॉड्यूल ठेवावयाची कोठे? डिस्कवर. आणि डिस्क वाचण्यासाठी आधी तेच मॉड्यूल हवे! किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावावे, तसा हा पेच होता. तो सोडविण्यासाठी वेर्नर आल्मेसबर्गर व हान्स लेर्मेन यांनी १९९६ च्या सुमारास प्रारंभिक रॅम-डिस्कची योजना पुढे आणली. तीनुसार प्रारंभक-कार्यक्रम कर्नलसोबत एक लहानशी गाठोडीवजा फाइल स्मृतीत आणून ठेवतो. ही फाइल आणण्याचे काम संगणकाच्या बायॉसच्या साहाय्याने होत असल्याने त्यासाठी लिनक्सच्या ड्रायव्हरची गरज पडत नाही. कर्नल त्या गाठोड्यातून ड्रायव्हर काढून घेतो आणि मग खऱ्या डिस्ककडे वळतो. थोड्या बदललेल्या रूपात, इनिटरॅमएफएस या नावाने, हीच योजना आजही चालू आहे. पुढील सर्व उपाय या गाठोड्यात योग्य तो ड्रायव्हर पोहोचविण्याचे उपाय होत.

कारणांचा शोध

२००४ मधील एएचसीआय आणि २०११ मधील एनव्हीएमई या प्रमाणकांमुळे निरनिराळ्या उत्पादकांचे नियंत्रक एकाच ड्रायव्हरने चालू लागले व सामान्य संगणकांपुरता हा प्रश्न पुष्कळसा सुटला. जेथे उत्पादकाने स्वतःची वेगळी रीत ठेवली, तेथे तो शिल्लक आहे. विशेषतः अनेक डिस्क एकत्र गुंफून त्यांची एकच डिस्क भासविणाऱ्या 'रेड' कार्डांच्या बाबतीत तो वारंवार आढळतो.

उपाय योजण्यापूर्वी निदान करावयास हवे. स्थापना-माध्यमावरूनच लिनक्स चालू करून 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएन' व 'के' या पर्यायांसह द्यावी. (येथे अक्षरोच्चारानुसार लिहिलेल्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लघुलिपीत टंकित करावयाच्या असतात.) तिच्यामुळे नियंत्रकाचे दोन्ही क्रमांक आणि त्यास लागू झालेला ड्रायव्हर ही माहिती मिळते. ड्रायव्हरचे नाव आढळले नाही, तर पुढीलपैकी एखादे कारण संभवते.

पहिले कारण, नियंत्रक नवा आणि स्थापना-माध्यमावरील कर्नल जुना. दुसरे कारण, ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संहितेत आहे, परंतु वितरकाने तो आपल्या प्रतीतून वगळला आहे. मे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत असे घडले. एलएसआय कंपनीची एसएएस-२००८ ही चिप, जिचा क्रमांक १०००:००७२ असा आहे, असंख्य जुन्या सर्व्हरांत बसविलेली होती. तिला चालविणारा ड्रायव्हर त्या आवृत्तीत होताच. पण त्याच्या यादीतून या चिपचा क्रमांक काढून टाकण्यात आला. सातव्या आवृत्तीवर बिनबोभाट चालणारा सर्व्हर आठवी बसविताना डिस्कविना उभा राहिला. तिसरे कारण, ड्रायव्हर केवळ उत्पादकाकडेच मिळतो, मूळ कर्नलमध्ये तो कधी आलाच नाही.

चौथे कारण वेगळ्या प्रकारचे आहे. इंटेलच्या काही मंडलांवर बायॉसमध्ये 'रेड' स्थिती निवडलेली असल्यास एनव्हीएमई डिस्क साटा नियंत्रकाच्या आड लपविली जाते. ती पीसीआय मार्गावर स्वतंत्र उपकरण म्हणून दिसतच नाही. येथे नियंत्रकाला ड्रायव्हर लागू झालेला आढळेल आणि तरीही डिस्क दिसणार नाही. अशा वेळी कर्नलच्या नोंदी दाखविणारी 'डीमेसेज' ही आज्ञा द्यावी. स्थिती बदलून एएचसीआय करावी, अशी सूचना कर्नल स्वतःच तेथे नोंदवितो.

उपाय आणि सावधगिरी

कोणत्याही उपायापूर्वी डिस्कवरील माहितीची प्रत दुसरीकडे काढून ती वाचता येते याची खात्री करावी, आणि बाहेरून जोडलेल्या इतर डिस्क काढून ठेवाव्यात.

बायॉसमधील स्थिती बदलणे हा दिसावयास सर्वांत सोपा उपाय आहे; पण संगणकात विंडोज असल्यास ती त्यानंतर सुरू न होण्याचा धोका असतो. म्हणून आधी विंडोजला पुढील वेळी सुरक्षित अवस्थेत सुरू होण्यास सांगावे, मग स्थिती बदलावी, म्हणजे ती एएचसीआयचा ड्रायव्हर स्वीकारते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची पुनर्प्राप्ती-किल्ली अगोदर लिहून घ्यावी. दोन डिस्कचा खरोखरच रेड-संच केलेला असेल, तर स्थिती बदलण्याचा विचार सोडून द्यावा. लिनक्सला त्या दोन सुट्या डिस्क दिसतील आणि त्यांपैकी एकीवर स्थापना केल्यास संच मोडेल. इंटेलचे असे संच 'एमडीएडीएम' या साधनाने ओळखता येतात. त्या मार्गाने जाणे हितावह असते.

नियंत्रक नवा असल्यास अधिक नव्या कर्नलचे स्थापना-माध्यम मिळविणे पुरेसे होते. उबुंटूसारखी वितरणे आपल्या दीर्घकालीन आवृत्तीच्या मधल्या अंकांत नवा कर्नल देतात, तो याच हेतूने.

वितरकाने वगळलेल्या नियंत्रकांसाठी ड्रायव्हर-डिस्कचा मार्ग आहे. रेड हॅट व तिच्या धर्तीवरील वितरणांसाठी ईएलरेपो हा स्वयंसेवकांचा प्रकल्प अशा डिस्क-प्रतिमा तयार करतो. ती प्रतिमा दुसऱ्या यूएसबी ड्राइव्हवर घेऊन, प्रारंभीच्या आज्ञेत 'इन्स्ट.डीडी' हा शब्द जोडला असता स्थापना-कार्यक्रम ड्रायव्हर कोठून घ्यावा हे विचारतो. ड्राइव्हला 'ओईएमडीआरव्ही' असे नाव दिलेले असल्यास तो न विचारताही ड्रायव्हर शोधून काढतो. मात्र ड्रायव्हर वितरणाच्या नेमक्या त्याच उप-आवृत्तीसाठी बांधलेला असावा.

पहिल्या पुनरारंभाची कसोटी

डिस्क दिसली, स्थापना पूर्ण झाली, म्हणजे काम संपले असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ड्रायव्हरची गरज दोनदा पडते: एकदा स्थापनेच्या वेळी, आणि त्यानंतर संगणक सुरू होण्याच्या प्रत्येक वेळी. हाताने चढविलेला ड्रायव्हर केवळ स्थापना-माध्यमाच्या स्मृतीत असतो. तो नव्या प्रणालीच्या गाठोड्यात गेला नसेल, तर पुनरारंभ होताच मूळ विभाग सापडत नसल्याचा संदेश येतो व एक ओकाबोका आज्ञा-पडदा उरतो. याचा अर्थ स्थापना वाया गेली असा नव्हे. स्थापना-माध्यमावरून पुन्हा सुरुवात करावी, ड्रायव्हर चढवावा, बसविलेल्या प्रणालीत 'सीएचरूट'ने प्रवेश करावा, ड्रायव्हर तेथे बसवावा आणि गाठोडे नव्याने बांधावे. डेबियन व उबुंटू यांत हे काम 'अपडेट-इनिटरॅमएफएस' करते, तर रेड हॅटच्या कुळात 'ड्राकट'. ईएलरेपोची ड्रायव्हर-डिस्क वापरली असल्यास ड्रायव्हर बसविलेल्या प्रणालीतही घातला जातो, हा त्या मार्गाचा मोठा लाभ होय.

तिसरी कसोटी कर्नल बदलण्याच्या वेळी लागते. उत्पादकाकडून संहितारूपात मिळालेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. 'डीकेएमएस' हे साधन ते आपोआप करते. सिक्युअर बूट चालू असलेल्या संगणकावर सही नसलेले मॉड्यूल नाकारले जाते, म्हणून सहीची किल्लीही नोंदवावी लागते. ही सारी व्यवस्था झाल्यावरही जुना, चालता कर्नल काढून टाकू नये. नवा अडल्यास परतीची वाट तोच देतो.

मूळ संहितेचे मोल

या सर्व खटपटीतून एक भेद स्पष्ट होतो. जो ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संहितेत समाविष्ट झालेला असतो, त्याची काळजी कर्नलबरोबर घेतली जाते. कर्नलची अंतर्गत रचना बदलली तरी ती बदलणारेच ड्रायव्हरही दुरुस्त करतात. जो बाहेर राहतो त्याला कर्नलमागे सतत धावावे लागते, आणि उत्पादकाने हात आखडता घेतला की त्याची धाव थांबते. वितरकाने क्रमांक वगळला तरी संहिता खुली असल्यामुळे तो पुन्हा जोडता येतो. बंद ड्रायव्हरला ही वाट नसते. २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१४ या आवृत्तीतून आयडीई डिस्कची जुनी यंत्रणा काढून टाकण्यात आली, तरी त्या डिस्क आंधळ्या झाल्या नाहीत. त्यांचे काम लिबाटा ही नवी यंत्रणा तोपर्यंत सांभाळू लागली होती.

म्हणून शाळा, ग्रंथालय किंवा छोटे कार्यालय यांसाठी वापरलेला सर्व्हर घेताना प्रक्रियकाचा वेग व स्मृतीचा आकार यांबरोबरच डिस्क-नियंत्रकाचे दोन क्रमांकही टिपून घ्यावेत. ते क्रमांक आपण निवडलेल्या वितरणाच्या यादीत आहेत की नाहीत हे पाहण्यास काही मिनिटे पुरतात. ती पडताळणी अगोदर केलेली असली, म्हणजे चांगले यंत्र केवळ रिकाम्या यादीपायी भंगारात जात नाही.