पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सहलीला न्यायचं ठरलं की सगळे आधी ठिकाण शोधतात. मी हल्ली ठिकाण शेवटी बघतो. त्याआधी गाडीच्या दारापासून खोली, खोलीपासून संडास आणि पार्किंगपासून देऊळ, एवढं बघून घेतो. भोसरीच्या टूलरूममध्ये आयुष्य गेल्यामुळे असेल, पण 'काही अडचण येणार नाही' या वाक्यावर माझा भरवसा बसत नाही. आकडा सांगा.

ही सवय लागली कोकणातल्या एका रिसॉर्टमुळे. आईचे दोन्ही गुडघे झिजलेले. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. फोनवर तसं स्पष्ट सांगितलं होतं. "तळमजल्याचीच खोली देतो, काका, निर्धास्त या." खोली खरोखरच तळमजल्यावर होती. फक्त तो तळमजला उतारावर, रस्त्यापासून अकरा पायऱ्या खाली, आणि कठडा नाही. मुलानं आणि मी खुर्चीसकट आईला उतरवलं, तर बाथरूमचं दार दोन फुटी. व्हीलचेअर चाकाच्या बाहेरच्या कडांवर मोजली तर पंचवीस-सव्वीस इंच भरते. शिवाय दाराला उंबरा आणि आत गुळगुळीत फरशी. रात्री उठायला लागू नये म्हणून आईनं संध्याकाळपासून पाणीच घेतलं नाही. कोकणातला उकाडा आणि वर ब्लडप्रेशरची गोळी. सकाळी म्हणाली, "मी इथंच बसते रे, तुम्ही या बघून." हे वाक्य ऐकलं की तिच्यापुरती सहल संपली असं समजावं.

तेव्हापासून बुकिंगच्या आधी मी विचारतो: रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? कठडा कुठल्या बाजूला? कमोड आहे का, आणि त्याच्या शेजारी धरायला काय आहे? बाथरूमच्या दाराला टेप लावून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवता का? काही जण फोनच ठेवून देतात. तेही उत्तरच. 'लिफ्ट आहे' म्हणाले, तर लिफ्टपर्यंत पोचायला किती पायऱ्या, हे विचारायचं राहू देऊ नका. कठड्याचं विचारतो कारण आईची उजवी बाजू जास्त दुखरी, आणि तिला आधार डाव्या हाताला लागतो. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेलं तिनं पाठ करून ठेवलंय: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

आपल्या भागातली ठिकाणं या हिशेबानं बघितली की यादी भराभर छाटली जाते. भीमाशंकरला दोनशेहून जास्त पायऱ्या, त्याही आधी उतरायच्या आणि दमल्यावर चढायच्या. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास. तिथे डोली मिळते, पण हेलकाव्यांची भीती वाटणाऱ्या माणसाला डोलीत बसवणं म्हणजे आपली हौस. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी जात नाही. याउलट रांजणगाव सपाटीवर. महाबळेश्वरचा सगळ्यात उंच विल्सन पॉइंट गाडीनं गाठता येतो, म्हणजे उंची पाहून ठिकाण बाद करू नये.

आईला कुठं जायचंय, हे मात्र आम्ही विचारलं फार उशिरा. तिला समुद्र नकोच होता. ओझरचा विघ्नेश्वर आणि नारायणगावचा भाऊ, एवढंच मागणं. दोन्ही नाशिक रस्त्यावरून, एका दिवसात होणारं. त्यात अवघड काय, तर चाकणचा तळेगाव चौक. कंटेनरच्या रांगेत तास गेला की ज्याला लघवी धरवत नाही त्याचे हाल होतात. म्हणून आम्ही पहाटे निघतो आणि चाकण मागे पडल्यावरच चहाला थांबतो, तेही आधी जाऊन संडास बघून ठेवलेल्या ठिकाणी.

एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून राज्यभर मोफत प्रवास आहे. वल्लभनगरच्या एसटी स्थानकात जाऊन आधी बसची पहिली पायरी बघा, मग ठरवा. तिकीट फुकट असलं तरी ती पायरी गुडघाभर उंच आहे. रेल्वेत ४५ वर्षांवरच्या बायकांना आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा मिळतो. भाड्यातली सवलत मात्र २०२० पासून बंद आहे. चिंचवडला बऱ्याच गाड्या जेमतेम थांबतात, तेवढ्यात व्हीलचेअर घडी करून माणूस चढवणं जमत नाही. लांबचा पल्ला असेल तर पुणे स्टेशनच बरं. विमानानं जाणार असाल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा.

राहिला दिवस. मुलगा एमआयडीसीत, त्याची सुट्टी गुरुवारची, आणि आमच्यासारख्या घरांना ती वरदान आहे. रविवारची गर्दी नाही, देवळाच्या दाराशी गाडी लावता येते, पुजाऱ्याला दोन शब्द बोलायला वेळ असतो. फक्त गुरुवारी शिर्डी, अक्कलकोट आणि नरसोबावाडी टाळा. आणि गणपतीला निघण्याआधी कॅलेंडरात चतुर्थी बघा.