विंचवाची नांगी कोण बोलतं?

प्रश्न : चिमूर तालुक्यात चौथीला शिकवते. अस्पृश्यता चित्रपुस्तकातून सांगावी का? मुलं घाबरतील का?

उत्तर : अवश्य सांगा, बाई. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारलेलं ‘भीमायन’ (२०११) हे बाबासाहेब आंबेडकरांवरचं चित्रपुस्तक मिळवा. मजकूर मोठ्यांसाठी आहे, म्हणून चित्रं दाखवून गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा. त्यात मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात असतं, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. पानोपानी नांगी शोधायला लावा. अन्याय कोण करतंय हे मुलं स्वतःच ओळखतील. आपल्याकडच्या मुलांना गोंडी चित्रं परकीही वाटणार नाहीत.

सुरुवात लहानग्या भीमापासून करा : वर्गात बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि शिपाई नसला की पाणी नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (१९२७) त्यानंतर. हवं तर १९६० मध्ये अमेरिकेत पोलीस पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेलेल्या सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेसची गोष्ट जोडा. तिच्यावरही चित्रपुस्तक आहे. पण आधी महाड, मग अमेरिका. दूरचा अन्याय सांगणं फार सोयीचं असतं!

मुलं घाबरत नाहीत, चिडतात. चिडू द्या. फक्त वर्गातल्या कुणा मुलाला ‘तुझ्या घरचं सांग’ म्हणून उभं करू नका.