उपस्थाता : चिकित्सेचा दुर्लक्षित पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे गुण असावेत, अशी शास्त्राची अपेक्षा आहे. आपण रोग्याची नाडी पाहतो, द्रव्य पारखून घेतो. मात्र उपस्थात्याचे हे गुण वर्षानुवर्षे टिकावेत म्हणून काय करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे (डिमेन्शिया) प्रमाण सुमारे ७.४ टक्के असून रुग्णसंख्या सुमारे ८८ लाख आहे. यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आजोबा, मुले पुण्यास वा परदेशी, आणि सत्तरीची पत्नी हीच एकमेव परिचारिका, हे चित्र आम्हास अपरिचित नाही. एकत्र कुटुंबात हा भार बहुधा एकट्या सुनेवर पडतो.

परिचारकाची संप्राप्ती

रोगी रात्री उठून घरभर फिरतो, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो, पैसे चोरल्याचा आळ घेतो. परिचारकास रात्रीजागरण घडते. त्याने रूक्षता वाढून वातप्रकोप होतो. अधारणीय वेगांमध्ये क्षुधा, तृष्णा, निद्रा, मूत्र व अश्रू यांचाही समावेश आहे. रोग्यास एकटे सोडता येत नाही म्हणून परिचारक नेमके हेच वेग रोज धारण करतो. पुढे कटिशूळ, अम्लपित्त, मलावरोध, अनिद्रा व विषाद ही लक्षणे दिसू लागतात. अशा थकलेल्या हातून औषध चुकते, क्वचित रोग्यावर हातही उचलला जातो. म्हणून परिचारकाची चिकित्सा ही रोग्याच्याच चिकित्सेचा भाग होय.

वैद्यांचे कर्तव्य

१) परिचारकाचे स्वतंत्र केसपत्र करावे. सलग झोप किती तास मिळते, जेवण वेळेवर होते काय, घराबाहेर शेवटचे केव्हा पडलात, आपल्यानंतर जबाबदारी कोण घेईल, हे विचारावे. राग अनावर होतो काय, हे एकांतात व दोष न देता विचारावे.

२) रात्रीजागरण झाल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी अन्न घेण्यापूर्वी झोपावे, हा अष्टांगहृदयातील उपाय परिचारकास सांगावा, त्या वेळी रोग्याजवळ कोण बसेल तेही घरच्यांसमक्ष ठरवून घ्यावे. निजण्यापूर्वी तिळतेलाचा पादाभ्यंग सर्वांना परवडणारा आहे.

३) रोग्याचे वर्तन हट्ट नसून व्याधीचे लक्षण आहे, हे समजावून द्यावे. वाद न घालता विषय बदलावा, दिनक्रम ठरावीक ठेवावा, शौचालयाच्या वाटेवर रात्री दिवा असावा. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. गोदाघाटावर, विशेषतः २०२७ च्या सिंहस्थ पर्वण्यांच्या गर्दीत, हीच चिठ्ठी रोग्यास घरी आणील.

४) मेध्य रसायनांनी स्मृती पूर्ववत होईल, असे आश्वासन देऊ नये. अशा आशेपायी कुटुंबाचा पैसा खर्च होतो, आणि निराशा मात्र परिचारकाच्या वाट्यास येते. जीवनसत्त्व ब-१२ ची न्यूनता, थायरॉइडची मंदता, विषाद, डोक्यास झालेली इजा यांमुळेही विस्मृती होते व तीवर उपाय असतो. म्हणून आरंभीच योग्य तपासण्या करवून घ्याव्यात.

५) काही तासांत वा दिवसांत भ्रम एकाएकी वाढल्यास मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, ज्वर, जलाल्पता, मलावरोध वा औषधाचा दुष्परिणाम संभवतो. असा रोगी तात्काळ रुग्णालयात पाठवावा.

औषधालयचालकांचे कर्तव्य

वैद्याकडे न येणारा परिचारक दुकानात मात्र दरमहा येतो. 'बाबांना झोप लागेल असे काही द्या', ही त्याची मागणी बहुधा स्वतःच्या थकव्याची खूण असते. झोपेची गोळी हाती न देता त्यास वैद्याकडे पाठवावे. सर्दी-खोकल्याच्या व झोपेच्या अनेक गोळ्यांनी वृद्धांचा भ्रम वाढतो. कनकासवात धत्तूर असल्याने तोही अशा रोग्यास विचारपूर्वकच द्यावा. आसवारिष्टांत मद्यांश असतो. झोपेच्या औषधांसोबत घेतल्यास तोल जाऊन पडण्याचे भय असते. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो व विषाद वाढू शकतो. मधुमेह्यास अवलेह देताना शर्करेचा विचार व्हावा. सर्व औषधांची एकच यादी करून परिचारकास द्यावी.

ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ व मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६ हे शासकीय क्रमांक दर्शनी भागी लावावेत.

वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयचालकांनी वृद्ध रोग्यासोबत आलेल्या व्यक्तीस, 'आपण स्वतः कसे आहात?' हा एक प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा, अशी आमची नम्र विनंती आहे. तिसरा पाद भक्कम राहिला, तरच उरलेल्या तिन्ही पादांचे श्रम सार्थकी लागतील.