नाव विकले, हुन्नर उरला
मासेराती बंधूंच्या कारखान्याची कहाणी

कारागिराजवळ दोन प्रकारची पुंजी असते. एक हातातला हुन्नर, दुसरी बाजारातले नाव. हुन्नर कोणी काढून घेऊ शकत नाही. नाव मात्र एका सहीने दुसऱ्याचे होते. इटलीतील मासेराती या मोटार कंपनीचा इतिहास आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. श्रीमंतांची आणि शर्यतीची मोटार म्हणून हे नाव जगाला ठाऊक आहे. पण त्याची सुरुवात एका लहानशा गॅरेजातून झाली.

गॅरेज आणि प्लग

रोदोल्फो मासेराती हे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. त्यांच्या मुलांना यंत्रांचे वेड होते. थोरले कार्लो १९१० साली तरुणपणीच वारले. त्यांच्या धाकट्या भावांपैकी आल्फिएरी यांनी एका मोटार कंपनीत नोकरी करून अनुभव घेतला आणि १९१४ साली बोलोन्या शहरात स्वतःच्या नावाने गॅरेज काढले. दुसऱ्यांच्या मोटारी शर्यतीसाठी तयार करून देणे हा त्यांचा धंदा. पहिल्या महायुद्धाच्या काळात आल्फिएरी यांनी स्पार्क प्लगचे उत्पादन सुरू केले. हा प्लगचा धंदा कुटुंबाला पुढे बरीच वर्षे उपयोगी पडला.

पुढे ते दिआत्तो या कंपनीसाठी शर्यतीच्या मोटारी बनवू लागले. ती कंपनी पैशाच्या अडचणीत येऊन शर्यतीतून बाहेर पडली, तेव्हा हाती असलेले काम भावांनी वाया जाऊ दिले नाही. १९२६ साली त्यांनी स्वतःच्या नावाची पहिली मोटार काढली. त्याच वर्षी सिसिली बेटावरील तार्गा फ्लोरिओ शर्यतीत ती आपल्या वर्गात पहिली आली. चालवणारे स्वतः आल्फिएरीच होते. भावांपैकी मारिओ हे चित्रकार. बोलोन्यातील नेपच्यूनच्या पुतळ्याच्या हातात त्रिशूळ आहे. त्यावरून त्यांनी कारखान्याचे चिन्ह काढले. म्हणजे मोटार घरची, नाव घरचे आणि चिन्हही घरचेच.

भंगारातून वर आलेला खरेदीदार

१९३२ साली आल्फिएरी वारले. बिंदो, एत्तोरे आणि एर्नेस्तो या भावांनी कारखाना चालू ठेवला. पण शर्यतीच्या मोटारीला गिऱ्हाईक थोडे आणि खर्च फार. शेवटी १९३७ साली त्यांनी कंपनी आदोल्फो ओर्सी यांना विकली. मोदेना शहरातील हे ओर्सी गरिबीत वाढले होते. भंगार लोखंड गोळा करण्यापासून सुरुवात करून त्यांनी पोलाद आणि शेतीची यंत्रे यांचे कारखाने उभे केले होते. मोटारींबरोबर प्लगचा धंदाही त्यांना हवा होता.

करार असा झाला की भावांनी दहा वर्षे तेथेच काम करावे. हा सौदा भावांच्या तोट्याचाच होता असे म्हणता येणार नाही. पैशाची चिंता मिटली आणि काम आवडीचेच राहिले. १९३९ आणि १९४० अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या मोटारीने अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली. कारखाना बोलोन्याहून मोदेनाला हलला.

१९४७ साली मुदत संपली. तिघे भाऊ बोलोन्याजवळ सान लाझारो येथे परतले आणि त्यांनी नवा कारखाना काढला. पण मासेराती हे नाव आणि त्रिशूळ आता ओर्सींच्या मालकीचे होते. भावांच्या मोटारी बाजारात ‘ओस्का’ या नावाने आल्या. हुन्नर तोच होता. १९५४ साली त्यांच्या दीड लिटरहून लहान इंजिनाच्या मोटारीने अमेरिकेतील सेब्रिंगची बारा तासांची शर्यत मोठमोठ्या मोटारींना मागे टाकून जिंकली. तरी १९६३ साली भावांनी तो कारखानाही विकला आणि १९६७ साली तो बंद पडला. आज ओस्का हे नाव शौकिनांनाच माहीत आहे. मासेराती जगाला माहीत आहे.

नावाचा पुढचा प्रवास

नाव मिळाले म्हणजे निश्चिंती आली असे नाही, हे ओर्सींच्या अनुभवावरून दिसते. १९५७ साली फांजिओ यांनी मासेराती चालवून जगज्जेतेपद मिळवले. त्याच सुमारास ओर्सींचे अर्जेंटिनाला उधारीवर पुरवलेल्या यंत्रांचे पैसे अडकले. कीर्ती शिखरावर आणि तिजोरी रिकामी! कंपनीला शर्यतीचे पथक बंद करावे लागले. त्यानंतर रस्त्यावर चालवायच्या मोटारींनी, विशेषतः ३५०० जीटीने, तिला तारले.

१९६८ साली फ्रान्सची सित्रोएन कंपनी मालक झाली. १९७३ च्या तेलटंचाईने महागड्या मोटारींचा बाजार बसला आणि १९७५ साली सित्रोएनने हात काढून घेतला. सरकारी मदतीने आलेखांद्रो दे तोमासो यांनी कारखाना वाचवला. १९८१ साली त्यांनी बितुर्बो ही तुलनेने स्वस्त मोटार काढली. ती खपली, पण तक्रारी वाढल्या आणि नावाला धक्का बसला. १९९३ साली फियाट पूर्ण मालक झाली. १९९७ साली निम्मा हिस्सा फेरारी या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे गेला, पुढे सगळी कंपनीच काही वर्षे त्याच्या ताब्यात होती. २०२१ पासून मासेराती स्टेलांटिस या उद्योगसमूहात आहे. इतके मालक बदलले. त्रिशूळ मात्र प्रत्येकाने जपला, कारण किंमत त्याचीच होती.

आपण काय घ्यावे?

दुकान, यंत्रे, माल आणि नाव या वेगवेगळ्या वस्तू आहेत. आपल्या देशातही १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याप्रमाणे नाव व चिन्ह यांची दहा वर्षांसाठी नोंदणी होते, तिचे नूतनीकरण करता येते आणि ते नाव दुसऱ्याच्या नावे करूनही देता येते. म्हणून भागीदारी करताना, कारखाना विकताना किंवा भावाभावांत वाटणी करताना नाव कोणाकडे राहणार, वेगळे झालेल्याने कोणत्या नावाने धंदा करायचा, हे कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे. आडनावच दुकानाचे नाव असेल तर दुप्पट सावध राहावे. नाव विकणे चूक नाही. गरज पडल्यास जरूर विकावे. पण आपण नाव विकत आहोत हे समजून, त्याची वेगळी किंमत लावून विकावे.