लॉगिन का होत नाही?

आपल्या मेसच्या काउंटरला सुतळीने बांधलेली एक वही आहे. रात्री जेवायचं नसेल तर पाचच्या आत त्या वहीत नाव लिहून 'कट' टाकायचा. वही असते, पेन नसतं. महिन्याच्या शेवटी कोणाचे किती कट यावरून वाद ठरलेलाच. म्हणून गेल्या सेमिस्टरला मी ठरवलं की या वहीच्या जागी एक छोटी वेबसाइट करायची. लॉगिन करा, तारीख निवडा, कट टाका, संपलं. फॉर्म आणि तारखांचा भाग एका रविवारी झाला. लॉगिनच्या एका पानाला मात्र अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत माझ्या हातून एक चूकही झाली. ती पुढे सांगतोच. हा लेख त्या एका पानाबद्दल आहे.

आधी एक सूचना. हे पान मराठी विभागाचं असल्यामुळे फंक्शनांची नावंही देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.

माझी सगळी मांडणी माझ्या लॅपटॉपवरच होती. झॅम्प हे पॅकेज टाकलं की अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी एकदमच मिळतात. (कंट्रोल पॅनलवर डेटाबेसचं नाव मायएसक्यूएल असंच दिसतं, गोंधळू नका.) ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकलं की आपलंच मशीन आपल्याला पान देतं. जगाला काही दिसत नाही, त्यामुळे चुका करायला ही उत्तम जागा.

माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. त्यामुळे एररचं वाक्य वाचायला मला कधी अडचण आली नाही. पण वाक्य वाचता येणं वेगळं आणि एरर कळणं वेगळं, हे मला इथे समजलं. लाल अक्षरं दिसली की मी कोडमध्ये कुठेतरी काहीतरी बदलायचो आणि रिफ्रेश मारायचो. आठवडा असाच गेला. मग एका सिनियरने कागदावर पाच चौकोन काढून दिले. लॉगिन म्हणजे एक दार नाही, एकामागे एक पाच दारं आहेत. कुठल्या दाराशी अडलोय ते आधी शोध, आणि ते कळेपर्यंत कोडला हात लावू नकोस, असं तो म्हणाला.

पहिलं दार: सर्व्हर. लॉगिनची फाइल डबल क्लिक करून उघडली तर पीएचपी चालतच नाही, कारण मग ब्राउझर फाइल थेट डिस्कवरून वाचतो, अपाचेला विचारतच नाही. फाइल एचटीडॉक्स फोल्डरमध्येच हवी आणि पत्ता लोकलहोस्टने सुरू व्हायला हवा. अपाचेच सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा ८० नंबरचं पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने धरलेलं असतं. डेटाबेसचं नेहमीचं पोर्ट ३३०६. दोन्ही कंट्रोल पॅनलवर दिसतात.

दुसरं दार: डेटाबेसची ओळख. माझा पहिला एरर इथलाच. मायएसक्यूएल_कनेक्ट नावाचं फंक्शन अस्तित्वातच नाही, असं पीएचपी म्हणत होतं. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात तर ते पानोपानी आहे! कारण सोपं निघालं. ही जुनी फंक्शनं २०१३ च्या पीएचपी ५.५ पासून टाकाऊ ठरवली गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली. आता मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरायचं. पुस्तक चुकीचं नव्हतं, त्याचं वय झालं होतं. त्यानंतर 'ॲक्सेस डिनाइड' आला, कारण झॅम्पमध्ये रूट युजरचा पासवर्ड सुरुवातीला रिकामा असतो आणि मी पुस्तकातला पासवर्ड तसाच उतरवला होता. आपल्या मशीनवर हे चालतं, खऱ्या सर्व्हरवर रिकामा पासवर्ड कधीही ठेवू नका.

तिसरं दार: फॉर्म. 'अनडिफाइन्ड ॲरे की' अशी वॉर्निंग आली, तर फॉर्ममधून पाठवलेली गोष्ट स्क्रिप्टपर्यंत पोचलेलीच नाही असं समजा. मी इनपुटला आयडी दिला होता, नेम दिलं नव्हतं. सर्व्हरकडे जातं ते नेम, आयडी नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फॉर्म गेट पद्धतीने पाठवायचा आणि स्क्रिप्टमध्ये पोस्टमध्ये शोधायचं. अशा वेळी व्हार_डम्प करून पोस्टमध्ये नक्की काय आलंय ते छापून बघा. अंदाज करत बसू नका.

चौथं दार: पासवर्ड. माझी खरी वाट इथे लागली, कारण इथे एररच नव्हता. 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा' हा मीच लिहिलेला मेसेज पुन्हा पुन्हा यायचा आणि पासवर्ड तर बरोबर होता. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नाही, एवढं मला माहीत होतं. पासवर्ड_हॅश हे फंक्शन त्याचा एक लांबलचक गुंता करून देतं आणि लॉगिनच्या वेळी पासवर्ड_व्हेरिफाय तो पडताळून बघतं. मी दोन्ही वापरली होती. तरी उत्तर नाहीच.

रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी रेक्टर सरांना डेमो द्यायचा होता. मी काय केलं? व्हेरिफायची अट असलेली ओळ कॉमेंट करून टाकली. आता नाव बरोबर असलं की पासवर्ड काहीही टाका, लॉगिन व्हायचं. डेमो झकास झाला. सर म्हणाले, आपल्या मजल्यापुरतं आठवडाभर वापरून बघा. लॅपटॉप होस्टेलच्या नेटवर्कवर ठेवला, मजल्यावरच्या २२ जणांनी कट टाकायला सुरुवात केली आणि मी ती ओळ साफ विसरून गेलो.

बुधवारी रात्री फर्स्ट इयरचा एक मुलगा ताट घेऊन रांगेत उभा राहिला. यादीत त्याच्या नावापुढे कट होता. पोळ्या यादीप्रमाणेच केलेल्या. तो वाद न घालता ताट ठेवून खोलीवर गेला आणि बिस्किटं खाऊन झोपला. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही त्याने जिन्यात थांबवून विचारलं म्हणून, "दादा, मी कट टाकला नव्हता. माझं नाव कसं आलं?"

मी त्याला म्हणालो, "तूच चुकून टाकला असशील, नीट आठव."

खोलीवर येऊन टेबल उघडलं. कट टाकल्याची वेळ होती बुधवार, दुपारी ४ वाजून १० मिनिटं. त्या वेळी त्याची बॅच वर्कशॉपमध्ये फायलिंग करत होती. मग ती कॉमेंट केलेली ओळ आठवली. कोणीतरी गंमत म्हणून त्याचं नाव टाकून बघितलं असणार आणि दार उघडंच होतं. ते कोणी केलं हे मी शोधलं नाही. कुलूप मीच काढलं होतं, मग शोधायचं कोणाला? मेसच्या काकांकडे गेलो तर ते एवढंच म्हणाले, "यादी तुमचीच ना? आम्ही यादी बघून पीठ मळतो."

त्या संध्याकाळी साइट बंद केली, त्या मुलाच्या खोलीवर जाऊन माफी मागितली आणि परत चौथ्या दाराशी बसलो. या वेळी काही न बदलता फक्त मोजलं. पासवर्ड_हॅशने दिलेली अक्षरं मोजली, ती ६०. टेबलमध्ये साठलेली मोजली, ती ५०! टेबल बनवताना पासवर्डचा कॉलम मीच ५० अक्षरांचा ठेवला होता. डेटाबेस स्ट्रिक्ट मोडमध्ये नसेल तर जास्तीची अक्षरं तो कापून टाकतो आणि स्क्रिप्टला एरर देत नाही. दहा अक्षरं कापलेला हॅश कुठल्याही पासवर्डशी जुळणं शक्यच नव्हतं. पीएचपीचं मॅन्युअल हा कॉलम २५५ अक्षरांचा ठेवायला सांगतं. तो वाढवला, पण कापलेली अक्षरं काही परत येत नाहीत, म्हणून सगळ्यांना नवे पासवर्ड द्यावे लागले. ज्या उत्तराला फक्त मोजायला हवं होतं, ते टाळण्यासाठी मी कुलूपच काढून ठेवलं होतं.

याच दाराशी अजून एक गोष्ट सापडली. आमच्या मजल्यावर वसईचा एक मुलगा आहे. त्याच्या आडनावात इंग्रजीत डी नंतर अपॉस्ट्रॉफी येतो. त्याने युजरनेम टाकलं की एसक्यूएलच्या सिंटॅक्सचा एरर यायचा. मी नाव थेट क्वेरीच्या वाक्यात जोडत होतो, त्यामुळे त्याच्या आडनावातला अपॉस्ट्रॉफी डेटाबेसला वाक्याचा शेवट वाटायचा. बिचाऱ्याला मी नाव बदलायला सांगणार होतो! पण हेच चिन्ह मुद्दाम वापरून कोणीही माझ्या क्वेरीचा अर्थ बदलू शकला असता. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. त्यात क्वेरी आधी पाठवायची आणि नाव वेगळं द्यायचं, म्हणजे नाव हे नावच राहतं.

पाचवं दार: सेशन. लॉगिन झालं हे पुढच्या पानाला लक्षात राहावं म्हणून सेशन लागतं. सेशनची कुकी हेडरमधून जाते, आणि हेडर पानाच्या मजकुराच्या आधी जावे लागतात. माझ्याकडे हे सगळं नीट चालत होतं. एके दिवशी वरच्या बाजूला मी आठवड्याचा मेनू मराठीत टाकला आणि 'हेडर्स ऑलरेडी सेंट' सुरू झालं. उसळ आणि आमटीचा लॉगिनशी काय संबंध? आहे! झॅम्पच्या सेटिंगमध्ये पीएचपी मजकूर ४०९६ बाइटपर्यंत राखून ठेवतं, मग पाठवतं. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'पोळी' या शब्दात प, ओकार, ळ आणि दीर्घ ईकार अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. इंग्रजी मेनू मर्यादेत बसत होता, मराठी मेनूने ती ओलांडली आणि हेडर माझ्या आधी निघून गेले. म्हणजे चूक मराठीची नव्हती. सेशन_स्टार्टची ओळ पहिल्यापासूनच चुकीच्या जागी होती, ती फाइलच्या अगदी वर हवी. या एररमध्ये दोन ओळींचे नंबर असतात. 'आउटपुट स्टार्टेड ॲट' पुढचा नंबर बघा, दोष तिथे असतो. लॉगिन झाल्यावर सेशनचा आयडी बदला, आणि दुसऱ्या पानावर पाठवणाऱ्या हेडरनंतर एक्झिट लिहा, नाहीतर खालचा कोड चालतच राहतो.

शेवटी तीन गोष्टी, कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवण्यासारख्या. एक, टेस्ट करताना डिस्प्ले_एरर्स चालू ठेवा, पान कोरं दिसलं तर अपाचेच्या लॉग्ज फोल्डरमधली एरर लॉग फाइल वाचा, आणि दुसरे लोक साइट वापरू लागले की डिस्प्ले बंद करून फक्त लॉग चालू ठेवा. दोन, एका वेळी एकच बदल. तीन, एरर जावा म्हणून तपासणीची ओळ कधीही काढू नका. काढलीच, तर डेमो रद्द करायची तयारी ठेवा.

साइट आता परत चालू आहे. रेक्टर सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन अटी घातल्या: सुतळीची वही जागेवर राहील, आणि सव्वापाचला कटची यादी नोटीस बोर्डावर लागेल, म्हणजे ज्याचं नाव चुकून आलंय तो पीठ मळण्याआधी सांगू शकेल. रोज ती यादी प्रिंट काढून मीच लावतो. तो फर्स्ट इयरचा मुलगा अजून रोज थांबून ती वाचतो, आणि त्याने ती वाचावी असंच मला वाटतं.