स्टेअरिंगमधील हवा

आमच्या गावच्या जीपगाडीची स्टेअरिंगच्या तेलाची नळी फुटली. ड्रायव्हरने नवी नळी बसवली, तेल ओतले आणि बाजारची माणसे भरून गाडी काढली. आम्हीही त्यात होतो. घाटाच्या पायथ्याशी स्टेअरिंग घरघरू लागले. हाताला हिसके बसू लागले. ड्रायव्हर शहाणा. त्याने गाडी कडेला घेतली व सर्वांना उतरवले. मिस्त्री आला नि म्हणाला, "तेल भरलंत, पण हवा कुठं काढलीत?"

हवेने असे का होते? रंगपंचमीची पिचकारी घ्या. पाणी भरून तोंड बोटाने दाबा. दट्ट्या आत जात नाही. आता नुसती हवा भरून दाबा. दट्ट्या आत जातो. हवा दबते, पाणी दबत नाही. तेलाचेही तसेच आहे. या गाडीत इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो. त्या दाबाने चाके हलक्या हाताने वळतात. तेलात हवा शिरली की दाब कमीजास्त होतो.

मिस्त्रीने हवा कशी काढली, ते पाहू.

१. गाडी सपाट जागी आणली. हँडब्रेक ओढला. मागच्या चाकांना दगड लावले. पुढची चाके जॅकने उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर विसंबू नये. गाडीखाली कोणी शिरू नये.

२. तेलाच्या डबीत खुणेपर्यंत तेल भरले. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले तेलच घालावे.

३. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवले. बुडबुडे येत होते, तेल उतरत होते. उतरेल तशी भर घातली. डबी रिकामी होऊ दिली, तर पुन्हा हवा शिरते.

४. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू केले. वेग न वाढवता पुन्हा तसेच फिरवले. स्टेअरिंग टोकाला दाबून धरू नये. पंप तापतो.

५. फेस व घरघर गेली. इंजिन बंद करून तेल पुन्हा पाहिले. नळीचे सांधे पाहिले. फेस राहिलाच, तर गाडी थोडा वेळ उभी ठेवून पुन्हा हेच करावे. तरीही जात नसेल, तर एखादा सांधा हवा ओढत असतो.

नव्या पुष्कळ गाड्यांत स्टेअरिंगला विजेची मदत असते. त्यांत हे तेल नसते.

त्या दिवशी आमचा बाजार हुकला. पण घाट सुखरूप उतरलो.

प्रश्न : डबी रिकामी का होऊ देऊ नये?